डोणीतली माती

भाऊ, दवाखान्यासमोरच्या डोणीतली माती उपसून टाकू का, असं आज सकाळी तुमच्या नातीनं मला विचारलं आणि मी तिच्यावर असा खेकसलो की ती हातातलं घमेलं तिथंच ठेवून आत निघून गेली. पोरगी जनावरांची डॉक्टर झाली आहे. दवाखाना आता तीच पाहते, मी नुसता खुर्चीत बसून आल्यागेल्याला 'बसा' म्हणतो. एवढी चांगली दगडाची डोण, तिच्यात गवती चहा काय लावून ठेवला, पाण्यानं भरली तर येणाऱ्या ढोरांची सोय होईल, इतकंच तिचं म्हणणं होतं. चुकीचं काय आहे त्यात? काहीच नाही. "डोणीला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "पण का बाबा?" "सांगितलं ना एकदा!" तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. जेवायला बसलो तर भात चिवडत राहिलो. दोनदा उठून डोणीपाशी जाऊन आलो, चहाची पाती उगाच खुडली, परत आलो. आता ती एका अडलेल्या म्हशीकडे गेली आहे, आणि मी तिच्याच टेबलावर, तिच्याच औषधांच्या चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली.

घरात काका लोक तुम्हाला भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणत आलो, बाबा म्हणायचं राहूनच गेलं. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं. जबलपूरच्या ढोरांच्या कॉलेजातून माझं पत्र आलं की तुम्ही ते शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचे, आणि मास्तर गावाला गेलेले असले की आठ-आठ दिवस टोपीत घालून हिंडायचे. म्हणजे तुम्ही असते तरी हे पत्र मास्तरांच्या तोंडून ऐकलं असतं, आणि मास्तर वाचणार म्हटल्यावर मी ते लिहिलंच नसतं. हे असं पुस्तकी लिहिलेलं ऐकून तुम्ही म्हणाले असते, "असा काऊन बोलून राह्यला बे, कचेरीतल्या बाबूसारखा?" काय करू, कागदावर मला असंच येतं.

तुम्ही ढोरवैद. घरच्या बांधीत धान पिकवून उरलेला सगळा वेळ दुसऱ्याच्या ढोरांचा. पण आजारी ढोर तुम्ही कधी आपल्या दारात येऊ दिलं नाही. कोणी बैल हाकत घेऊन आलाच तर दुरूनच हात वर करायचे, "ने गा परत, मी येतो," आणि खरंच त्याच्या मागोमाग तीन-चार कोस चालत जायचे. ज्याचं ढोर पाहिलं त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि परतताना गावाच्या शिवेवरच्या नाल्यात बसून, कमरेला बांधलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातली राख काढून, पाय घोट्याच्या वरपर्यंत, हात कोपरापर्यंत आणि काठीचं टोक घासघासून धुवायचे, मगच गावात पाय टाकायचा. थंडी असो, ताप असो. आई चिडायची, की माणूस दारात भाकरी घेऊन वाट पाहत बसते अन् हे नाल्यात बसते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर एका गावी आलो होतो. परत येताना तुम्ही नाल्यात बसले, मी काठावर उभा, पोटात कावळे ओरडत होते. मी म्हणालो, "भाऊ, हे पूजापाठ घरी गेल्यावर करा ना!" तुम्ही मान वर केली नाही. "पूजा नाई हे. रोग आपल्या पायानं नाई चालत बाबू. दुसऱ्याच्या पायानं चालते." मी हसलो. चांगला खो खो हसलो, काठावर बसून. त्याच वर्षी परीक्षेत सोड्याच्या पाण्यानं गोठा कसा धुवावा हे मी पानभर लिहून आलो होतो, आणि राखेचं पाणी म्हणजे तसंच क्षाराचं पाणी, एवढं माझ्या डोक्यात शिरलं नाही. पदवी घेतलेलं डोकं!

मग सरकारी नोकरी. ती दोनेक वर्षं केली. आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि कोणाची बदली कुठं होईल याचा पत्ता लागेना, तेव्हा मी राजीनामा दिला आणि स्वतःचा दवाखाना काढायचं ठरवलं. आईनं तांदूळ निवडता निवडता सूपच खाली ठेवलं. "सरकारी होता तं कोनी पोरगी देली असती. आता ढोराच्या दुकानदाराले कोन देईन?" मला भीती होती तुमची. तुम्ही जन्मात कोणाकडून काही घेतलं नाही आणि मी फी घेणार. पण तुम्ही चिलीम भरत शांतपणे म्हणाले, "तू घे. तुयी दवा रेलगाडीनं येते, माई जंगलात उगवते." मग थोड्या वेळानं विचारलं, "पन ढोरं तिथी आनून बांधतीन का लोकं?" मी म्हणालो, दवाखाना म्हटल्यावर आणायलाच पाहिजेत. तुम्ही चिलीम ओढत राहिले.

आपल्या गावापासून दोन कोसांवर, बाजाराच्या अलीकडे, रस्त्याला लागून दोन कौलारू खोल्या मिळाल्या. मागं विहीर. नागपूरहून छोट्या रेल्वेनं औषधांची पेटी आली, समोर ढोर अडकवून उभं करायला लाकडी खोडा ठोकला, पाटी रंगवली. आणि दोन महिने माशा मारत बसलो. यायचे ते खोकल्याचं औषध मागायला. मी सांगायचो की हा जनावरांचा दवाखाना आहे, तर म्हणायचे, "मंग थोडंच द्या." बाजाराच्या दिवशी सात-आठ गावांच्या बैलबंड्या माझ्या दारावरून धुरळा उडवत जायच्या, एक थांबत नव्हती. मी दारात कोट घालून उभा. लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा धास्ती जास्त, की दिवाळीपर्यंत हे बंद करून परत सरकारच्या दारात जावं लागणार आणि चार लोक तोंडावर हसणार.

एका बाजारी एका बंडीवाल्यानं बैलांना पाणी मागितलं. मी विहिरीतून शेंदून बादली दिली. बैल पीत होता तेवढ्यात मला त्याच्या खांद्यावरची जखम दिसली, जुवाखाली किडे पडलेले. तिथंच साफ करून औषध भरलं. पुढच्या बाजारी तो आपल्या भावाची जोडी घेऊन आला. झालं! मला वाट सापडली. पाथरवटाकडून एकाच दगडातली डोण घडवून घेतली, दोन जोड्या एकदम तोंड घालतील एवढी, आणि पाटीखाली रस्त्याला लागून मांडली. पाणी फुकट, पाहणं फुकट, दवा विकत. बंड्या आपोआप थांबायला लागल्या. बैल पाणी पितो तोवर मी शिंग पाहायचो, खूर उचलून पाहायचो, शेण पाहायचो, आणि मालकाला सांगायचो. उन्हाळ्यापर्यंत बाजाराच्या दिवशी मला जेवायला फुरसत मिळेना. एकटाच माणूस, पण काय ऐट होती माझी, भाऊ.

तेव्हा तुम्ही आले. पायीच. माझ्यासाठी बांबूचं नळकांडं आणलं होतं, ढोराच्या तोंडात दवा ओतायचं, तुमच्या हातानं घासून घासून काठ गुळगुळीत झालेलं. "काचीची बाटली ढोर चावते. हे ठेव." मी ते खिळ्याला टांगलं, आणि तुम्हाला खुर्ची दिली. तुम्ही बसले नाहीत. डोणीपाशी उभे राहून बाजार उठेस्तोवर नुसते पाहत राहिले. मग विचारलं, "हे पानी कवा बदलवते तू?"

"रोज सकाळी."

"अन् मंधात?"

"मंधात कशाला? विहिरीचं चांगलं पाणी आहे."

"पानी चांगलं आहे गा. तोंडं कोनाकोनाचे?" तुम्ही काठीनं डोणीच्या काठावर टकटक केलं. "वाहतं पानी असतं तं म्या काई म्हटलं नसतं. सात गावचे ढोरं एका ताटात जेवून राह्यले, बाबू. हे नोको ठेवू."

माझं टाळकं सटकलं. आजूबाजूला दोन-तीन बंडीवाले उभे होते, ते ऐकत होते. मी म्हणालो, "भाऊ, हा धंदा आहे. तुमच्यासारखं दारोदार हिंडलो तर दिवसाला दोन ढोरं होतील. आणि तुमच्या त्या राखेच्या गोष्टी इथं नका सांगू, लोक हसतील." लोक काही हसले नाहीत. तुम्ही टोपी नीट केली. मी पाण्याचा गडवा पुढं केला तर म्हणाले, "नोको. इथी बिमार ढोरं बांधले आहे ना." ऊन कसं होतं ते मला आठवतं. दोन कोस तुम्ही तसेच कोरड्या तोंडानं गेले, पोराच्या घरचं पाणी न पिता, आणि मी आत जाऊन बाटल्या पुसत बसलो.

आषाढातला बाजार होता. चार दिवसांनी धानाचे रोवणे सुरू होणार, म्हणून दोर, सूप, मीठ घ्यायला झाडून सगळी गावं बाहेर पडलेली. सकाळीच नदीपलीकडची एक बंडी थांबली. त्याच्या डाव्या बैलाच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि तो मचमच आवाज करत पाणी पीत होता. मी तोंड उघडून पाहिलं. जिभेवर फोड. खुरी, पुस्तकातली लाळ्या-खुरकूत. मी एका नजरेत ओळखलं, भाऊ. हे मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे. मालकाला बाजूला घेऊन तोंड धुवायची लाल दवा दिली आणि बाजारात न जाता सरळ घरी जा म्हणून सांगितलं, हळू आवाजात सांगितलं. मग डोणीकडे पाहिलं. उपसायला कितीसा वेळ लागतो? सोड्याच्या पाण्यानं घासून काढायला? पण मागं सहा बंड्या उभ्या होत्या. मी डोण उपसायला लागलो असतो तर पहिला बंडीवाला विचारणार, काऊन? आणि खुरीचं नाव बंड्यांच्या आधी बाजारात पोचणार, डाक्टरच्या दारात खुरी आहे म्हणून. मग त्या वर्षी कोण थांबणार होतं माझ्या दारात? मी स्वतःला म्हणालो, एका ढोरानं काय होते, बाजार उठला की उपसू.

आपल्या गावची ढिवरीण बाई त्याच्यानंतर आली. नवरा गेलेला, तलावात मासे धरून आणि दोन बांध्या धान करून दोन पोरी पोसत होती. तिच्याकडे हल्ल्यांची जोडी होती, दोन काळे धिप्पाड रेडे, तिच्या घरात तेवढीच काय ती दौलत. एकाचा खांदा सुजला होता तो चिखलणीच्या आधी दाखवावा म्हणून ती त्यांना चालवत दोन कोस घेऊन आली होती. तुमच्याकडे न जाता माझ्याकडे आली याचा मला केवढा आनंद झाला. मी खांद्याला लेप लावला आणि मीच म्हणालो, "पाज वं बाई पाणी, उन्हाचे आले आहेत." मीच म्हणालो. दोघं मान खाली घालून पोटभर पाणी प्यायले. बाजार उठल्यावर मी डोण उपसली, सोड्यानं दोनदा घासली, हात सोलून निघाले. मधल्या वेळात कितींनी तोंड घातलं होतं ते मी मोजलं नाही, आणि मोजून काय करणार होतो?

पाचव्या दिवशी आपल्या गावात पहिलं ढोर लंगडलं आणि मग आखरावर, गावची ढोरं जमतात तिथं, रोज नवी ढोरं लाळ गाळत उभी. बांध्यांत पाणी भरलेलं, धानाच्या रोपांचे परे हातभर वाढलेले, आणि चिखल करायला ढोर नाही. चिखलात उतरवलं की खूर सुटायचं. लोक फावड्यांनी, पायांनी चिखल तुडवायला लागले. मी सायकलवर, तुम्ही पायी, एकाच गावात दोघं दोन टोकांना फिरत होतो आणि समोरासमोर आलो की बोलत नव्हतो. ढिवरीण बाईचा एक हल्या बसला तो उठलाच नाही. मी रोज जायचो, किडे काढायचो, ती खुराशी कंदील धरून बसायची आणि मला म्हणायची, "तुया हाताले गुण आहे डाक्टर, उठन तो." आठव्या दिवशी सकाळी तो गेला.

त्याच सकाळी निंबाखाली, मातामायच्या ठाण्यापुढं गाव जमलं. आपल्याकडे रोग गावाबाहेर काढून देतात, टोपलीत निंबाचा पाला, लिंबू, कोंबडीचं पिल्लू ठेवून ती शिवेपार नेऊन सोडतात, आणि मग तीन दिवस गाव बंद, कोणी आत यायचं नाही की बाहेर जायचं नाही. पण टोपली न्यायची ती रोग ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं. दुसऱ्या वाटेनं नेली तर तो फिरून येतो म्हणतात. म्हणून पाटलानं आधी तेच विचारलं, "कोन्या वाटेनं आला?" कोणी काही म्हणे, कोणी काही. तेवढ्यात ढिवरीण बाई बायांमधून उठून उभी राहिली. हल्या तसाच दारात पडलेला, रडून डोळे सुजलेले. "माये हल्ले तं साल झालं कुठी गेले नाई," ती म्हणाली. "त्या दिवशी फक्त डाक्टरकडे नेलो. तिथीच डोणीवर पानी..."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाजाराच्या वाटेवर पहिलं दार माझं. टोपली त्या वाटेनं गेली की दवाखान्याच्या नावानं गेली, आणि मग पाटी उतरवून पेटी बांधायची, दुसरं काही उरणार नव्हतं. माझ्या हातात औषधाची थैली होती. मला बोलायचं होतं, भाऊ. देवाशपथ बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण आवाज आला तो तुमचा.

"थांबा गा. मी आनलो."

पाटील तुमच्याकडे वळला. तुम्ही उठून पुढं आले. "दोन-तीन हप्त्यांमांगं जंगलाकडे गेलो होतो, गोंडाच्या गावी. तिथी ढोरं लाळ गाळून राह्यले होते. येताना पाय धुवाचा राहून गेला."

"तू?" पाटील म्हणाला. "तुया पाय धुवाचा राह्यला?"

"म्हातारा झालो आता. राह्यला."

गावाला हे पटायला वेळ लागला नाही. माझ्यासारख्या कॉलेजात शिकलेल्याच्या हातून असं होणार नाही, म्हाताऱ्याच्या हातून होऊ शकते, असा त्यांचा हिशेब. कोणी तुम्हाला शिवी दिली नाही. ज्या वैदाच्या पायानं रोग आला त्यानं पुन्हा ढोराला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, ते कोणाला बोलूनही दाखवावं लागलं नाही. तुम्ही कमरेचा तुंबा सोडला आणि स्वतःच्या हातानं टोपलीत निंबाच्या पाल्यावर ठेवला. टोपली जंगलाच्या वाटेनं गेली. त्या गोंडाच्या गावचंही नाव फुकट खराब झालं, पुढं वर्षभर तिकडची ढोरं आपल्या शिवेवर कोणी येऊ दिली नाहीत. आणि मी? मला हायसं वाटलं. लाज वाटली ती मागून. हायसं आधी वाटलं, आणि त्याची लाज आजपर्यंत गेली नाही.

गाव बंद होतं म्हणून ते तीन दिवस मी घरीच अडकलो. आई आपल्याला समोरासमोर वाढायची. तुम्ही भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, छप्पर गळते म्हणाले, दुसरं काही नाही. तेव्हा मला कळलं, की गाव बंद करणं म्हणजे आम्ही पुस्तकात शिकलो तेच रोगी ढोरं वेगळी ठेवणं, आणि मी त्यालाही हसत आलो होतो. चौथ्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यावर आले. विहिरीमागची माती खणली आणि घमेल्यानं आणून डोणीत टाकायला लागले. मी दुसरं घमेलं घेतलं. काठोकाठ भरल्यावर तुम्ही हात झटकले. "धंदा कर," म्हणाले. "पन तू ढोराकडे जाय. ढोराले बलावू नोको."

"भाऊ, तुमचं काय?" मी कसाबसा म्हणालो.

"माया का? लोकायले दवाखाना पायजे. एक म्हातारा नसला तं चालते."

तसंच झालं. जे तुम्हाला बोलवायचे ते मला बोलवायला लागले, सात गावं होती त्यांची वीस झाली. लोक पाटीवरून येत नव्हते, मी सायकलवरून जात होतो. मग फटफटी घेतली. पोरगीही मिळाली मला, आईची काळजी मिटली. धंदा कसा जमवला म्हणून लोक विचारायचे तेव्हा मी मेहनत वगैरे सांगायचो. तुमचं एक खोटं माझ्या दवाखान्याच्या पायात आहे, हे कोणाला सांगणार? तुम्ही ओसरीवर बसायचे. रस्त्यानं एखादा बैल लंगडत गेला की तुमचा हात काठीकडे जायचा, तुम्ही अर्धे उठायचे, आणि परत खाली बसायचे. मी हे पाहिलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा पाहिलं आहे, आणि दरवेळी फटफटीला लाथ मारून निघून गेलो आहे.

ढिवरीण बाई त्या वर्षी अर्धीच बांधी रोवू शकली. दिवाळीनंतर ती दवाखान्यावर आली, पळसाच्या पानात बांधून मासे घेऊन. मी उरलेल्या हल्ल्याला पाहायला जायचो त्याचं काही घेत नव्हतो, म्हणून ती मासे आणायची. त्या दिवशी ती मातीनं भरलेल्या डोणीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ जंगलातून आला त्या दिवशी म्या नाल्यावर झिंगे धरून राह्यली होती. रगडून रगडून पाय धुतले त्यानं. काठीपन धुतली."

मी पायरी उतरून खाली आलो. "मग तू तिथं बोलली का नाहीस बाई?"

"त्यानं मायाकडे पाह्यलं ना," ती म्हणाली. "म्हाताऱ्या मानसानं असं पाह्यल्यावर मंग का बोलू?" मासे माझ्या पायरीवर ठेवून ती निघून गेली. म्हणजे तीही माझ्यासाठी गप्प राहिली, जिचा हल्या मी मारला ती. पुढं तिच्या धाकट्या पोरीच्या लग्नात मी जोडी दिली, बैलांची. तिनं घेतली. एवढ्यानं फिटलं असं तिलाही वाटलं नसणार आणि मला तर नाहीच नाही.

तुम्ही गेले तेव्हा मी बाहेर होतो, ढोराकडेच, तुम्हीच सांगितल्याप्रमाणे. त्या आषाढानंतर चार वर्षं आपण रोज रात्री एकत्र जेवलो. रोज ठरवायचो, आज विचारीन, तुम्ही असं काऊन केलं. रोज वाटायचं, विचारलं की तुम्ही माझ्याकडे बघाल, आणि फोड पाहूनही मी डोण उपसली नाही हे तुम्हाला दिसेल. पण आता वाटतं, तुम्हाला ते त्या निंबाखालीच दिसलं होतं. नाहीतर तुंबा कशाला सोडला असता तुम्ही?

हे बघा, पोरगी आली. फाटकाशी गाडी लावली तिनं. आत येण्याआधी नळापाशी बादलीत सोडा कालवते आहे. आता बूट घासेल, मग हात कोपरापर्यंत, मग पिशवीचा तळसुद्धा. एक दिवस चुकवत नाही. मीच लावली आहे तिला ती सवय, ती परकर नेसायची तेव्हापासून, ज्या गोठ्यात जाशील तिथून बाहेर पडताना धू आणि आपल्या दारात शिरण्याआधी पुन्हा धू. हे कागद तिच्या टेबलावर ठेवून बाहेर जाऊन बसावं, असं लिहिता लिहिता ठरवलं होतं. पण ती दार ढकलायच्या आत मी ते घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घालणार, हे मला माहीत आहे. एक मात्र तुम्हाला सांगून टाकतो. मागं एकदा तिनं विचारलं होतं, "बाबा, हे एवढं पाय धुवायचं तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हणालो, जबलपूरला शिकवलं.